खाण्यात काय असतं?

दरवाजावरून हात फिरवला आणि संघर्षला काहीच लागलं नाही. हाताला काही लागलं नाही म्हणजे दरवाजा चांगला, इतका साधा हिशेब चौदा वर्षं चालत आला होता, म्हणून पुढच्या दरवाजाकडे वळता वळताच त्याने अंगठा वर केला. दरवाजा म्हणजे तरी काय, अजून गाडीला न लागलेला, रंग न चढलेला, प्रेसमधून नुकताच दाबून आलेला पत्रा. चाकणच्या त्या कंपनीत असे दरवाजे दिवसाला हजारभर निघत आणि त्यांतले खड्डे, टेकाडं शोधायचं काम संघर्षच्या उजव्या हाताचं होतं. डोळ्यांना दिसत नाही ते हाताला लागतं. सुती हातमोजा घालायचा, बोटं जुळवायची, तळहात पत्र्यावर टेकवायचा आणि एका दमात वरून खाली ओढत न्यायचा. केसाएवढा खड्डा असला तरी हात अडखळतो. त्या मंगळवारी तो अडखळला नाही, आणि मागे उभी असलेली योगिनी, आयटीआय करून दोनच वर्षांपूर्वी लागलेली, तळेगावहून कंपनीच्या बसने येणारी पोरगी, हळूच म्हणाली, "सर, इथं बघता का जरा? हँडलच्या खाली." संघर्षने पुन्हा हात फिरवला. काही नाही. मग तिने घासायचा दगड घेऊन त्या जागेवरून चारदा ओढला. सगळीकडे बारीक ओरखडे उमटले आणि मधे नखाएवढी जागा कोरीच राहिली. खड्डा होता. चांगला धडधडीत होता.

"ऑइलचा थर असेल वर," संघर्ष म्हणाला. "हो सर," योगिनी म्हणाली. ती 'नाही सर' म्हणाली असती तर त्याने तिला चार गोष्टी सुनावल्या असत्या आणि मोकळा झाला असता. पण तिचं ते समजूतदार 'हो सर' दिवसभर त्याच्या मानेवर बसून राहिलं. दुपारनंतर त्याच्या लक्षात आलं की तो पत्रा सोडून पुढे गेला, की ती मागून गुपचूप आपला हात फिरवून घेते आहे. हात कसा फिरवायचा हे तिला त्यानेच शिकवलं होतं. पुढच्या गुरुवारी हातांची वार्षिक परीक्षा होती. वीस पत्रे, त्यांच्यावर कापड, कापडाखालून हात घालून दोष कुठे ते सांगायचं. अठरा बरोबर आले तर वर्षभर लाइनवर उभं राहायचं, नाहीतर हात बाजूला आणि माणूस पॅकिंगला. आजवर ही परीक्षा संघर्ष घेत आला होता आणि नापास झालेल्यांच्या पाठीवर थोपटतही आला होता. यंदा कस्टमरकडचा माणूस घेणार होता आणि यादीत पहिलं नाव संघर्षचं होतं. बसमध्ये त्याने हात मांडीवर उलटे ठेवले आणि बोटांच्या टोकांकडे बघत बसला. दिसायला अगदी ठणठणीत होती. एकेक टोक अंगठ्याने दाबून पाहिलं तर मधे कुणीतरी जाड कापड धरल्यासारखं लागत होतं, आणि हातमोजा तर त्याने कधीच काढून ठेवला होता.

हे पायांपासून सुरू झालं होतं. दीड वर्षापूर्वी चप्पल पायात आहे की निसटली हे त्याला खाली बघून कळायला लागलं. मग मुंग्या, मग धाप, मग जिना चढताना भिंतीला हात. मोशीला तो राहत होता त्या सोसायटीच्या तळमजल्यावरच डॉक्टर निरंजन यांचा दवाखाना होता. त्यांनी रक्त तपासलं आणि बी-ट्वेल्व्हचा आकडा बघून हसले. "अहो, हे आपल्या शाकाहारी लोकांचं घरोघरचं दुखणं आहे. मीही त्यातलाच. इंजेक्शनं घ्या, दूध-दही वाढवा, पनीर खा." इंजेक्शनं घेतली की दोन-तीन महिने बरं वाटे, थांबवली की मुंग्या पुन्हा हजर. दूध संघर्षला लहानपणापासून मानवत नव्हतं, पण पैजेवर प्यायल्यासारखं तो रोज नाक दाबून ग्लासभर पीत होता. आणि पिताना प्रत्येक वेळी त्याला आतून माहीत असायचं की डॉक्टरांचं गणित चुकतंय. गणित मांडणारा हुशार होता, पण पहिलाच आकडा त्याला खोटा दिला गेला होता. संघर्ष शाकाहारी नव्हता. त्याच्या सात पिढ्यांत कुणी नव्हतं. मोबाइलवर त्याने कितीदा तरी वाचलं होतं की मासे, मटण खाणाऱ्याला हे दुखणं सहसा होत नाही, झालंच तर कारण दुसरं शोधावं. ते दुसरं कारण शोधायला डॉक्टरांना वाट मिळावी म्हणून एकच वाक्य बोलायचं होतं, आणि दीड वर्ष तो त्या वाक्याच्या अलीकडे उभा होता.

कारण घर. मुलगी, मैत्री, तीन वर्षांची असताना पिंपरीची आईवडिलांची दोन खोल्यांची जागा पुरेना, म्हणून त्याने आणि त्याच्या बायकोने, विजयश्रीने, कंपनीच्या बसच्या रस्त्यावर घर शोधायला घेतलं आणि एकामागून एक नऊ घरांनी त्यांना नाही म्हटलं. कुणी आडनाव विचारलं, कुणी आधी नाव विचारलं आणि 'संघर्ष' ऐकून 'बरं बरं' म्हणालं, कुणी भिंतीवर कुणाचा फोटो लावणार ते विचारलं. एकाने तर सरळ सांगितलं की जागा कालच गेली, आणि ती जागा पुढे पाच महिने रिकामी दिसत होती. दहावं घर इंदुताईंचं. त्या वरच्या मजल्यावर एकट्या राहत, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी आडनाव विचारलं नाही, काहीच विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "आमच्यात चालत नाही हो. तेवढं एक बघा." संघर्ष तोंड उघडणार तेवढ्यात विजयश्री म्हणाली, "आमच्यातही नाही चालत." इतकं सरळ, इतकं पटकन, की त्याला क्षणभर खरंच वाटलं. त्या दिवसापासून मासे दर रविवारी पिंपरीला, आईकडे. घरात कधी अंड्याचं टरफलसुद्धा आलं नाही. इंदुताई वाईट असत्या तर सोपं गेलं असतं, पण त्या वाईट नव्हत्या. शाळेतून आल्यावर मैत्री त्यांच्याकडेच असायची, त्या तिचा अभ्यास घ्यायच्या, वेणी घालायच्या, तिच्यासाठी थालीपीठ गरम ठेवायच्या. संघर्षला त्यांच्याबद्दल खरोखर माया वाटत होती आणि त्यांच्या पावलांचा आवाज जिन्यात आला की तो नकळत बोटांचा वासही घेऊन बघायचा. दोन्ही एकाच वेळी.

बुधवारी सकाळी संडासात त्याला ते दिसलं. पांढरं, चपटं, पायजम्याच्या नाडीसारखं, आणि ते संपत नव्हतं. आधी वाटलं आतडंच बाहेर आलं. कपाळावर घाम फुटला, कानात घूं सुरू झालं. मग ते तुटलं आणि पाण्यात पडल्यावर त्याच्या एका टोकाने किंचित अंग आकसून घेतलं. ते जिवंत होतं. दुसऱ्या कुणी बटण दाबून ते नजरेआड केलं असतं आणि दिवसभर देवाचं नाव घेतलं असतं. पण संघर्षची चौदा वर्षं मापं घेण्यात गेली होती. त्याने काडीने ते उचललं, बाथरूमच्या फरशीवर स्टीलची पट्टी ठेवून मोजलं आणि लोणच्याच्या रिकाम्या बाटलीत पाणी घालून त्यात सोडलं. रुंदी अकरा मिलीमीटर. लांबी चव्वेचाळीस सेंटिमीटर, पण तुटलेल्या मालाची लांबी काय खरी धरायची. बारीक बारीक चौकोन एकाला एक जोडलेले, सगळे एका मापाचे, इतके सारखे की प्रेसमधून निघालेला मालही इतका सारखा निघत नाही, आणि प्रत्येकाच्या मधोमध एक फुलासारखा काळसर ठिपका. किळस येत होती आणि बघावंसंही वाटत होतं. बाहेरून मैत्री दार वाजवत होती, "पप्पा, मला शाळेला उशीर होतोय," आणि तो उकिडवा बसून फोटो काढत होता.

बसमध्ये त्याने तो फोटो मोबाइलवर शोधला. शेजारचा माणूस वाकून बघायला लागला तसा पडदा छातीशी धरला. चपट्या जंतांच्या जाती निघाल्या. डुकराच्या मांसातला, गाईच्या मांसातला, आणि तिसरा, अंगाने रुंद, मधोमध फुलासारखा ठिपका असलेला. माशातला. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या माशातून पोटात जातो, आतड्याला डोकं चिकटवून बसतो, वर्षानुवर्षं राहतो, काही काहींच्यात सात-आठ मीटर वाढतो, आणि माणसाचं बी-ट्वेल्व्ह स्वतः खातो. मग रक्त उतरतं, हातापायांच्या नसा बधिर होतात. वाचता वाचता मोशीचा टोलनाका गेला, चिंबळी फाटा गेला. संघर्षला प्रथम वाटला तो सुटकेचा आनंदच. दीड वर्ष जे चुकत होतं त्याचं नाव सापडलं होतं. आनंद कुरुळी येईपर्यंत टिकला. तिथे त्याच्या लक्षात आलं की हे नाव डॉक्टरांना सांगायचं तर आधी मासा सांगायला लागणार.

आणि मासाही कुठला, ते त्याला त्याच क्षणी आठवलं होतं. तीन वर्षांपूर्वी कंपनीने त्याला आणि लाइनवरच्या दिग्विजयला दोन महिने जपानला पाठवलं, हाताचं काम आणखी बारकाईने शिकायला. शिकवणारे मोरी-सान साठीच्या पुढचे, बुटके, बोलणं कमी. ते संघर्षचा हात मनगटाशी धरत आणि पत्र्यावरून त्यांच्या वेगाने ओढत. डोळे मिटायला लावत. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा त्याच्या हाताला तो खड्डा लागला जो त्याआधी कधीच लागला नव्हता, आणि मोरी-सान एकदाच मान हलवून चालते झाले. शेवटच्या रविवारी त्यांनी दोघांना घरी जेवायला नेलं. त्यांच्या मेव्हण्याने त्याच सकाळी मासा धरून आणला होता, समुद्रातून नदीत चढून येणारा, आतून गुलाबी. त्याचे पातळ काप करून पांढऱ्या ताटलीत लावले होते, कच्चेच. दिग्विजयने हात जोडून सांगितलं, "व्हेज." मोरी-सानच्या बायकोने लगबगीने त्याच्यापुढे भात आणि काकडी ठेवली. मग मोरी-सानने संघर्षकडे पाहिलं. दहावं घर मिळून तेव्हा वर्ष झालं होतं, वर्षभर तो शेजाऱ्यांना, वॉचमनला, मैत्रीच्या बालवाडीतल्या बाईंना तेच एक उत्तर देत आला होता. तिथे, साता समुद्रापलीकडे, शिकवणीत पाठ केलेल्या मोडक्या जपानीत तो म्हणाला, "मी सगळं खातो." म्हणताना त्याची छाती भरून आली. मोरी-सान इतके खूश झाले की स्वतःच्या ताटलीतले कापही त्यांनी त्याच्यापुढे सरकवले. संघर्षने ते सगळे खाल्ले. चव त्याला नीटशी कळली नव्हती, थंड आणि मऊ एवढंच. पण इतक्या ताठ मानेने तो त्याआधी कितीतरी दिवसांत जेवला नव्हता.

गुरुवारी त्याने अर्धा दिवस रजा टाकली आणि थेरगावला गेला, डांगे चौकाजवळच्या एका डॉक्टरकडे. मोशीपासून दूर, ओळखपाळख नाही, नाव सांगायचं आणि खरं बोलायचं, इतकं सोपं. येताना बसमध्ये त्याने वाक्य मनात घोळवून ठेवलं होतं. डॉक्टरांनी वर न बघता लिहिता लिहिता विचारलं, "जंत पडतात म्हणता. खाण्यात काय असतं? व्हेज, नॉनव्हेज?" आणि संघर्ष म्हणाला, "व्हेज." त्याने ऐकलं तेव्हा ते बोलून झालं होतं. त्याने तोंड उघडलं होतं, पुन्हा मिटलं. दुरुस्त करायला एक श्वास पुरला असता, पण आता 'नाही, म्हणजे तसं खातो' म्हणायचं तर डॉक्टर मान वर करून बघणार, आणि त्या बघण्याची त्याला आतून भीती वाटली, तिथे, जिथे त्याला काळं कुत्रं ओळखत नव्हतं. "मग कोबी, पालक स्वच्छ धुवून खात जा," डॉक्टर म्हणाले, "सांडपाण्यावर पिकवतात हल्ली." मैत्रीला शाळेत जंतांसाठी देतात तसलीच एक गोळी त्यांनी त्याला दिली. जिना उतरून संघर्ष रस्त्यावर आला तर समोरच हातगाडीवर कोबीचे गड्डे रचलेले. त्याला हसू फुटलं. भाजीवालीला वाटलं गिऱ्हाईक आलं. "घ्या दादा, ताजा हाय," ती म्हणाली, आणि त्याने खरंच एक गड्डा घेतला. घरी नेऊन तो फ्रीजमध्ये ठेवला आणि मग कितीतरी वेळ फ्रीजचं दार धरून उभा राहिला. आपण इंदुताईंना फसवतोय एवढंच त्याला चार वर्षं वाटत आलं होतं. आता दिसत होतं की फसवायला समोर कुणी लागतच नाही, जीभ आपली आपण कामाला लागलेली आहे. गोळीचा काही उपयोग झाला नाही. शनिवारी पुन्हा वीतभर नाडी पडली.

रविवारी नेहमीप्रमाणे पिंपरी. आईने, सोजरबाईने, तव्यावर मासे टाकले होते आणि कांद्यात परतलेली सुकट बाजूला ठेवली होती. मैत्री आजीच्या मांडीला टेकून काटे काढून घेत जेवत होती, सात वर्षांची पोर, ओठ तेलाने चकचकीत. संघर्षने हातातला घास पुन्हा ताटात ठेवला. हे चांगलं खरपूस तळलेलं आहे, यात काही जिवंत असणं शक्य नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं, तरीही तो मैत्रीच्या बोटांकडे टक लावून बघत होता. हिच्याही पोटात असलं तर? मी वापरलेल्याच संडासात ती जाते, माझ्याच हातून घास घेते. हे एकाचं दुसऱ्याला लागतं का, हे मोबाइलवर धड कळत नव्हतं. सोजरबाईने त्याचा हात हातात घेतला. "गार पडलाय रे हात तुजा. काय खातूस का न्हाई तिकडं? नुसता कोबी न् पालक!" कोबी ऐकून विजयश्रीने मान खाली घातली. वडील, किसन, भिंतीला टेकून बसले होते. पस्तीस वर्षं पिंपरीतल्या एका कारखान्यात लेथवर काढलेला माणूस, कंपनी बंद पडली तरी पहाटे पाचला उठण्याची सवय न मोडलेला. ते म्हणाले, "आमी तर कॅन्टीनमधी डबा उघडून खाल्लाय. बोंबलाचा वास समद्या टेबलांवर. कुनी उठून गेला तर गेला. जागा व्हायची आमाला ऐसपैस." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खोकला येईपर्यंत हसले. संघर्षही हसला. लहानपणी वडिलांच्या त्या डब्याची त्याला लाज वाटायची, म्हणून त्याने शाळेत कायम चटणी-भाकरच नेली. ही लाज कुणी शिकवली होती ते त्याला आठवत नव्हतं. वडिलांनी तर नक्कीच नाही.

घरी आल्यावर मैत्री वर इंदुताईंकडे गेली आणि स्वयंपाकघरात नळ सोडून, आवाज वर जाऊ नये म्हणून, दोघं बोलले. विजयश्री एका पतपेढीत काउंटरवर बसायची, बोलणं तिचं नेमकं. बाटली तिने पाहिली होती, ओकली होती, तोंड धुऊन पुन्हा येऊन पाहिली होती. "दुसऱ्या डॉक्टरकडे जा," ती म्हणाली. "गेलो होतो. थेरगावला." "मग?" "त्याने विचारलं आणि मी व्हेज म्हणालो." "तिथं कोण होतं?" "कुणी नव्हतं." "मग का म्हणालास?" "मला काय माहीत का म्हणालो!" ती हसायला लागली, हसता हसता ओट्याला धरून खाली बसली, आणि मग तिचं हसणं कुठे संपलं आणि रडणं कुठे सुरू झालं ते त्याला कळलं नाही. "पहिल्यांदा मीच म्हणाले होते," ती म्हणाली. "तू तर गप्पच होतास. माझंच तोंड चाललं." संघर्ष तिच्याजवळ फरशीवर टेकला. "निरंजनकडे सगळे रिपोर्ट आहेत. दीड वर्षाचे. त्यालाच सांगतो." "तो रोज इंदुताईंचं बी. पी. बघतो. मे महिन्यात करार संपतोय. मैत्रीची शाळा? पुन्हा नऊ घरं?" "आणि हात गेला तर? गुरुवारी परीक्षा आहे, विजू. माझ्याकडे हा एकच हात आहे, दुसरं काही येत नाही मला." तिने त्याचा उजवा हात घेतला, बोटांच्या टोकांवरून आपलं नख फिरवलं. "लागतंय?" संघर्षने खोटं सांगायचं ठरवलं होतं. "नाही," तो म्हणाला. नळ तसाच वाहत होता. तो तिने उठून बंद केला.

सोमवारी संध्याकाळी साडेसहाला तो बाटली कापडी पिशवीत घालून खाली उतरला. विजयश्रीची पतपेढी साडेसातपर्यंत असायची, म्हणून मैत्री बरोबरच होती. शिवाय तिलाही तपासून घ्यायचं होतं. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर तिघं जण होते. एक खोकणारे आजोबा, दुसऱ्या विंगमधल्या एक बाई, आणि टोकाला इंदुताई. "अरे, काय झालं माझ्या पोरीला?" त्यांनी मैत्रीला जवळ ओढलं. "काही नाही, मलाच," संघर्ष म्हणाला. पिशवीतल्या बाटलीतलं पाणी डुचमळलं ते त्याला स्वच्छ ऐकू आलं. नंबर पुढचाच होता. आत जाताना त्याने केबिनचं दार मागे लोटलं, पण ते नेहमीसारखं अर्धवटच राहिलं.

डॉक्टर निरंजननी बाटली दिव्याखाली धरली. बराच वेळ धरली. मग त्यांनी आधी बाटलीकडे, मग दीड वर्षाच्या रिपोर्टांकडे आणि मग संघर्षकडे पाहिलं. "हा तुमच्या पोटातला?" "हो." "हे कसं शक्य आहे?" ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "हा जर मला वाटतो तो असेल, तर हा माशातून येतो. शाकाहारी माणसाच्यात..." संघर्षला घशाशी ते जुनं उत्तर येऊन थांबलेलं जाणवलं, तयार, घासूनपुसून. त्याने ते गिळलं. "डॉक्टर, मी मासे खातो," तो म्हणाला. आवाज इतका खाली गेला होता की पुन्हा म्हणावं लागलं. "मासे, मटण, सगळं. पहिल्यापासून." डॉक्टरांनी बाटली खाली ठेवली. त्यांचे कान लाल झाले होते, रागाने की शरमेने हे सांगणं अवघड होतं. "दीड वर्ष मी तुम्हाला पनीर खायला सांगतोय." "हो." "निदान मला तरी सांगायचं होतंत." "तुम्ही इथलेच आहात," संघर्ष म्हणाला. डॉक्टरांनी रिपोर्ट एकाखाली एक लावून ठेवले. औषध आहे, त्यांनी सांगितलं, एक-दोन गोळ्यांत हा मरतो. नसांचं मात्र बघावं लागेल, किती परत येईल, केव्हा येईल, आत्ता सांगता येणार नाही. गुरुवारपर्यंत तर नाहीच. "आणि हे मुलीला लागतं का?" "तुमचं तिला नाही लागत. तिने स्वतः तसा मासा खाल्ला असेल तर गोष्ट वेगळी." ते मैत्रीकडे वळले, आवाज मऊ केला. "काय गं बाळा, तू खातेस का मासे?"

मैत्रीने डॉक्टरांकडे पाहिलं, मग पप्पांकडे. संघर्षने मान हलवली, सांग म्हणून. ती स्टुलावरून खाली उतरली. अर्धवट उघड्या दाराशी गेली, फटीतून बाहेर डोकावली, कोण बसलंय ते पाहिलं, मग दोन्ही हातांनी दार ओढून घेतलं आणि टाचा उंचावून कडी लावली. परत येऊन डॉक्टरांच्या कानाशी वाकली आणि कुजबुजली, "आजीकडे खाते. शिजवलेले. कुणाला सांगू नका."

दार लावायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्यासमोर तर त्यांनी यातलं काही कधी बोलूनही दाखवलं नव्हतं. संघर्षच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि ती रक्त कमी झाल्याची नव्हती. आपला हात जाईल, घर जाईल, याची त्याला आठवडाभर भीती वाटत होती. आता जे वाटलं त्यापुढे ती काहीच नव्हती. सात वर्षांच्या पोरीला कडी न शोधताच सापडली होती.

तो उठला आणि त्याने कडी काढली. दार पार भिंतीला टेकेपर्यंत उघडलं. खोकणारे आजोबा, दुसऱ्या विंगमधल्या बाई, इंदुताई, तिघांनीही वर पाहिलं. "राहू दे ना बंद," डॉक्टर हळूच म्हणाले. "उकडतंय," संघर्ष म्हणाला आणि परत येऊन खुर्चीवर बसला. डॉक्टरांनी पेन उघडलं, क्षणभर दाराकडे पाहिलं आणि विचारायचं ते विचारलं. खाण्यात काय असतं, किती वेळा, कच्चा मासा कधी आणि कुठे खाल्ला. संघर्षने सांगायला सुरुवात केली. रविवारी आईकडे पिंपरीला, बांगडा, सुकट, बोंबील, मुलगीही खाते, बायकोही खाते. कच्चा एकदाच, जपानमध्ये. तो लाइनवर प्रेसच्या धडधडाटात बोलायचा तेवढ्या मोठ्याने बोलत होता. बाहेरचा खोकला थांबला होता. मैत्री त्याच्या खुर्चीला चिकटून उभी होती आणि दारातून इंदुताईंच्या तोंडाकडे बघत होती.